जुन्या चुकीची बोच कामाला लावता येते का?

काउंटरमागचा (नागपूर)

नमस्कार. माझे वय ३६ असून मेडिकल चौकाच्या परिसरातील एका औषधाच्या दुकानात मी १२ वर्षांपासून काउंटरवर काम करतो. प्रश्न लांबलचक आहे, पण मागचे सांगितल्याशिवाय तो नीट विचारता येणार नाही.

२००८ साली मला बी. फार्म.ला प्रवेश मिळाला. वडील एसटीत वाहक होते आणि फीसाठी त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले होते. दुसऱ्या वर्षी माझे विषय राहिले, पुन्हा परीक्षा दिली तेव्हाही राहिले आणि तिसऱ्या वर्षात जाण्याचा रस्ता बंद झाला. हे मी घरी सांगितले नाही. एवढेच नव्हे, तर तिसऱ्या वर्षाची म्हणून वडिलांकडून फी घेतली आणि जवळपास वर्षभर रोज सकाळी साडेनऊला पाठीवर दप्तर, खिशात बसचा पास आणि आईने दिलेला डबा घेऊन घरातून निघत राहिलो. हिवाळ्यात अंबाझरी तलावाकाठी बसायचो; ऊन तापू लागले की सीताबर्डीच्या एका वाचनालयात कूलरसमोरची खुर्ची धरायचो आणि तेच वर्तमानपत्र तीनदा वाचायचो. फीचे पैसे हळूहळू संपले. कशावर संपले हे मला आज नीट सांगता येणार नाही, कारण मोठे असे काहीच घेतले नव्हते.

वडिलांना कळले ते त्यांच्याच गाडीत. माझ्या वर्गातला एक मुलगा त्यांच्या गाडीत चढला, त्यांनी ओळखून चौकशी केली आणि तो सहज बोलून गेला की मी कॉलेज सोडून वर्ष झाले. त्या संध्याकाळी वडील घरी आले, खाकी शर्ट खुंटीला अडकवला, हातपाय धुतले आणि जेवायला बसताना आईला एवढेच म्हणाले, ‘उद्यापासून त्याचा डबा करू नकोस.’ त्यानंतर २०१५ मध्ये ते जाईपर्यंत या विषयावर आमच्यात एक शब्दही झाला नाही.

आता प्रश्नाकडे येतो. आमच्या दुकानात नोंदणीकृत फार्मसिस्ट म्हणून २४ वर्षांची एक मुलगी आहे. स्वभावाने चांगली आहे, मला काका म्हणते. डॉक्टरांचे अक्षर लागले नाही की चिठ्ठी माझ्यापुढे धरते, कोणती गोळी कोणत्या खणात आहे हेही मीच सांगतो. पण बिलावर सही तिची, शिक्का तिचा, आणि भिंतीवर गणपतीच्या फोटोशेजारी चौकटीत लावलेले प्रमाणपत्रही तिचेच. ते सगळे योग्यच आहे. तरी दरवर्षी जून आला, प्रवेशाच्या जाहिराती लागल्या की माझ्या पोटात कालवते. मी माहितीपत्रके आणतो, जुनी पुस्तके काढतो, पहाटे पाचला उठून अभ्यासाला बसतो आणि दहा-बारा दिवसांत सगळे थंड होते. हे सात-आठ वेळा झाले आहे. ‘पश्चात्ताप माणसाला घडवतो’ असे सगळेच सांगतात. मला तो दहा दिवस जाळतो आणि उरलेले वर्ष नुसता धूर. या बोचणीतून टिकाऊ प्रेरणा कशी मिळवावी, की ती विसरण्याचाच प्रयत्न करावा? अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

पोळ्याचा पाहुणा (महाल)

भाऊ, विसरा. आपल्या गावात यासाठी १८८१ पासून सोय करून ठेवलेली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे मिरवून जाळतात ती मोठी बाहुली, निघाली की गर्दीत उभे राहून ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असे घसा ताणून ओरडा आणि त्यात हेही देऊन टाका. मी थट्टा करत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या पोराने जे केले त्याची शिक्षा छत्तीस वर्षांच्या माणसाने किती दिवस भोगायची?

काउंटरमागचा

आपली भावना पोहोचली, धन्यवाद. पण मारबत दरवर्षी जाळतात आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा निघते. माझेही नेमके तेच होत आहे.

वर्गातली बाई (धरमपेठ)

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. आपला मजकूर दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा वाटले की आपण एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी सांगत आहात. ‘पदवी राहून गेली’ ही एक. ‘वडिलांना फसवले’ ही दुसरी. या दोन्हींचा स्वभाव भिन्न आहे आणि माझ्या मते आपली जूनची गाडी दहाव्या दिवशी बंद पडते ती या दोन्ही एकाच दोरीने बांधल्यामुळे.

थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९९४ आणि १९९५ मध्ये या विषयावर जे लेख लिहिले, ते आजही आम्ही वर्गात घेतो. त्यांना असे आढळले की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या चुकीची टोचणी अधिक लागते, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टींची खंत वरचढ ठरते. त्याचे त्यांनी दिलेले एक कारण आपल्या कामाचे आहे. केलेल्या चुकीवर माणूस लवकर काहीतरी करतो. माफी मागतो, पैसे परत करतो, भांडण मिटवतो, निदान आपल्या मनाला पटेल असा त्या चुकीचा काही अर्थ लावतो, आणि त्यामुळे तिची धार बोथट होते. न केलेल्या गोष्टीवर मात्र असा उपाय होत नाही. ती मोकळीच राहते आणि मन तिच्याभोवती ‘केले असते तर’ची चित्रे रंगवत राहते.

आपल्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. फसवणूक ही केलेली चूक होती, पण वडील बोलले नाहीत, आपणही बोलला नाहीत, आणि दुरुस्तीची वेळ येण्याआधीच ते गेले. म्हणून ती पंधरा वर्षे ताजी राहिली. मग तिने पदवीच्या खंतीत घर केले. आपण जूनमध्ये पहाटे पाचला उठता तेव्हा रसायनशास्त्र शिकायला उठत नाही, वडिलांची फी फेडायला उठता. आणि पुस्तकातली एखादी प्रक्रिया समजली नाही की आपल्यासमोर केवळ एक अवघड धडा नसतो, तर २०१०चा तो मुलगा येऊन उभा राहतो. अशा सोबतीत दहा दिवससुद्धा पुष्कळ झाले.

स्वतःला फटके मारल्याने अभ्यास होतो या समजुतीबद्दलही थोडे सांगते, कारण ती आपल्याकडे फार घट्ट आहे. २०१० मध्ये कॅनडातील कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी ज्यांनी चालढकल केली होती, त्यांपैकी ज्यांनी त्याबद्दल स्वतःला माफ केले त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. जे स्वतःवर चिडून राहिले त्यांची सुधारणा तशी झाली नाही. कारण साधे आहे. ज्या गोष्टीकडे पाहिले की स्वतःची घृणा वाटते, तिच्याकडे माणूस पाहायचे टाळतो, आणि आपल्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे नेमके अभ्यासाचे पुस्तक आहे.

म्हणून माझी सूचना अशी की या वर्षी पुस्तक उघडण्याआधी वडिलांचा विषय वेगळा काढावा. वहीत लिहा, कुणाजवळ बोला, आई असतील तर त्यांच्याजवळ बोला. तो विषय संपेल असे मी म्हणत नाही. तो अभ्यासाच्या टेबलावरून उठावा एवढेच पुरेसे आहे.

बहार (काटोल)

बाईंचे म्हणणे पटले, पण ते मला माझ्या भाषेत सांगू द्या, कारण मी संत्र्याचा माणूस आहे आणि सगळे शेवटी बागेशीच नेऊन जोडतो, अशी घरच्यांची तक्रार आहे.

संत्र्याला बहार हवा असेल तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. मृग बहार घ्यायचा तर एप्रिल-मेमध्ये ओलीत बंद करायचे आणि झाडाला तहानलेले ठेवायचे. पाने फिकी पडतात, त्यांची चमक जाते, दुपारी माना टाकल्यासारखी दिसतात, थोडी गळतातही. नवा माणूस हे पाहून घाबरतो आणि रात्री चोरून पाणी सोडतो. मग बहार फुटत नाही, नुसती पालवी येते. हलक्या जमिनीत हा ताण महिनाभरात पुरा होतो, भारी काळ्या जमिनीत त्याहून बराच वेळ लागतो, आणि तो कधी पुरा झाला हे कॅलेंडर सांगत नाही, पान सांगते. ताण पुरा झाला की मात्र एक दिवसही दवडायचा नसतो. वखरणी करायची, आळ्यात खत घालायचे, आंबवणीचे हलके पाणी द्यायचे, मग काही दिवसांनी चिंबवणीचे दुसरे पाणी, आणि त्यानंतर नेहमीची पाळी. तोडलेल्या ताणावर पहिल्याच दिवशी भरपूर पाणी सोडले तर फूल टिकत नाही. आणि पाणीच दिले नाही, ‘अजून थोडा ताण, अजून थोडा’ करत राहिले, तर बहार तर जातोच, झाडही शेंड्याकडून वाळत खाली येते.

भाऊ, आपण पंधरा वर्षे ताणावर आहात. जूनमध्ये आपण पाणी देता तेही पाट फोडल्यासारखे, पहाटे पाचपासून. आंबवणी करा. म्हणजे दिवसाला अर्धा तास, एक प्रकरण, आणि पुरे वाटले तरी उठायचे.

आता दुसरी गोष्ट, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आमच्याकडे झाडावरच्या वाळलेल्या काड्यांना सल म्हणतात. मनात खुपत राहते त्यालाही मराठीत सलच म्हणतात. दोन्ही शब्द मुळात एकच आहेत की नाही हे भाषेच्या जाणकारांनी सांगावे. तोडणी झाली की आम्ही बागेतून सल काढतो. ती नुसती वाळलेल्या भागापुरती कापायची नसते. खालचा बोटाच्या पेराएवढा हिरवा भागही सोबत घ्यावा लागतो, कारण रोग नेमका वाळल्या-ओल्याच्या सीमेवर बसलेला असतो. कापताना जीव कळवळतो. मग कापलेल्या जागी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक, लावायचे. सल तशीच ठेवली तर बुरशी त्याच वाटेने खाली उतरते आणि चांगल्या फांदीलाही घेऊन जाते.

तर आपल्या पदवीचा विषय हा ताण आहे, त्याचा बहार होऊ शकतो. वडिलांचा विषय ही सल आहे. तिच्यातून बहार फुटण्याची वाट पाहू नका. ती काढायची असते, आणि काढताना थोडे हिरवेही जाते.

माझे स्वतःचेही सांगतो, नाहीतर फुकटचा उपदेश होईल. २०१९च्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या बोअरवेल आटल्या आणि बागा उभ्या वाळल्या. टँकरचे भाव चढलेले होते. ते उतरतील म्हणून मी तीन आठवडे थांबलो. चारशेपैकी एकशे चाळीस झाडे गेली. त्यातली बरीचशी वडिलांच्या हातची होती. वर्षभर मी त्या पट्ट्यात पाऊल टाकले नाही, वळसा घालून विहिरीवर जायचो. बायकोने एक दिवस विचारले, ‘वाळलेली झाडे काढायची का त्यांची पूजा करायची आहे?’ राग आला, पण दुसऱ्या आठवड्यात जेसीबी बोलावला. त्याच जागेवर आज अस्तर टाकलेले शेततळे आहे. झाडे परत आली नाहीत आणि तो पट्टा पाहिला की आजही घशात काहीतरी अडकते. पण आता तिथे गेलो की पाण्याची पातळी पाहतो, म्हणजे मला तिथे काहीतरी काम असते.

पोळ्याचा पाहुणा (महाल)

काका, माणूस म्हणजे झाड नव्हे. पण सल काढताना हिरवे कापावे लागते हे ठाऊक नव्हते. मारबतीचा सल्ला मागे घेतो.

उशिराची पदवीधर (नंदनवन)

वरील सर्वांनी मनाबद्दल पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मी कागदपत्रांबद्दल लिहिते.

बारावीनंतर लग्न झाले आणि शिक्षण सुटले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून मी ४४व्या वर्षी बी. ए. पूर्ण केले. खंत होती का? होती. तिने मला केंद्राच्या दारापर्यंत नेऊन अर्ज भरायला लावला. त्यापुढची तीन वर्षे खंतीने नव्हे, शेजारच्या ताईंनी पार पाडली. त्याही त्याच वर्गाला होत्या, दर रविवारी सकाळी गेटपाशी स्कूटी लावून हॉर्न वाजवायच्या, आणि मी गेले नाही तर पेट्रोलचे अर्धे पैसे त्यांच्यावर पडायचे. मला ती लाज पुरेशी होती. सांगायचे एवढेच की बोचणीवर फार भार टाकू नका. तिच्याकडून पहिल्या दिवसाचे काम करून घ्या आणि पुढच्या दिवसांसाठी गेटपाशी हॉर्न वाजवणारे कुणीतरी शोधा.

आता आपल्या बाबतीत. फार्मसिस्ट म्हणून नोंदणी हवी असेल तर मुक्त विद्यापीठाचा मार्ग चालत नाही. डी. फार्म. हा दोन वर्षांचा नियमित पदविका अभ्यासक्रम आहे, हजेरी लागते, प्रात्यक्षिके असतात आणि शिवाय ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. ‘फक्त परीक्षेला या, हजेरीचे आम्ही पाहतो’ असे सांगणारे दलाल भेटतील. त्यांच्याकडे पैसे भरू नका. नोंदणीचे सध्याचे नियम फार्मसी कौन्सिलकडून लेखी घ्या, नातेवाइकांकडून तोंडी नको. आपण बारावी विज्ञान शाखेतून झाला आहात, म्हणजे दार उघडे आहे. पण दिवसा कॉलेज केले तर दुकानाचे काय, घरखर्चाचे काय, हे आधी मालकांशी आणि घरी बोलावे लागेल. आपण सात-आठ वर्षे जूनमध्ये पहाटे अभ्यास केला, पण या दोन प्रश्नांबद्दल एकही ओळ लिहिलेली नाही, हे मला खटकले.

आणि एक विचारते, राग मानू नका. आपल्याला फार्मसिस्ट व्हायचे आहे, की भिंतीवरच्या त्या चौकटीत आपले नाव पाहायचे आहे? दोन्हींत वाईट काही नाही. पण दुसऱ्यासाठी दोन वर्षे कमी पडतील असे मला वाटते.

सेवानिवृत्त (इतिहास)

मी शाळेत ३१ वर्षे इतिहास शिकवला. येथे ‘खंत’, ‘पश्चात्ताप’ आणि ‘बोचणी’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जात आहेत, त्याबद्दल माझी एक तक्रार आहे. दिवा बंद करायचा राहिला की लागते ती चुटपुट. जे मिळाले नाही त्याची वाटते ती रुखरुख. दुसऱ्याचेही नुकसान पाहून होते ती हळहळ. पश्चात्तापात मात्र ताप आहे, आणि तो स्वतःच्या कृतीचाच होतो. आपल्याला पदवीची रुखरुख आहे आणि वडिलांबाबत पश्चात्ताप. बाईंनी आणि काटोलच्या बागाइतदारांनी जे सांगितले तेच आपल्या शब्दांनी आधीच वेगळे करून ठेवले होते.

पश्चात्तापाचे पुढे काय करायचे, याचे भारतातील सर्वांत जुन्या लेखी उदाहरणांपैकी एक म्हणजे सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेख. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकला, दीड लाख माणसे तेथून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक मेली, असे राजा स्वतःच खडकावर कोरून सांगतो, आणि आपल्याला ‘अनुसोचन’, म्हणजे पश्चात्ताप, झाले असे म्हणतो. आपल्या नागपुरात दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात, त्यामुळे ही गोष्ट येथे शाळकरी मुलांनाही माहीत असते. पण तिच्यातला एक भाग वर्गात सहसा सांगितला जात नाही, तो मी मुद्दाम सांगायचो.

हा तेरावा लेख कलिंगातच नाही. धौली आणि जौगड ही कलिंगातील दोन स्थळे. तेथील खडकांवर अकरा, बारा आणि तेरा हे तीन लेख गाळलेले आहेत आणि त्यांच्या जागी दोन वेगळे लेख कोरलेले आहेत. त्यांत युद्धाचे आकडे नाहीत. त्यांत राजा अधिकाऱ्यांना बजावतो की सर्व माणसे ही माझी लेकरे आहेत, कुणालाही विनाकारण बंदीत टाकले जाऊ नये, छळ होऊ नये, आणि हे नीट चालले आहे की नाही हे पाहण्यासाठी मी दर पाच वर्षांनी अधिकारी फिरतीवर पाठवीन. त्यामागे राजकीय धूर्तपणा होता असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण ज्यांची माणसे मेली त्यांच्यापुढे त्याने आपले दुःख मांडले नाही, त्यांच्यापुढे व्यवस्था मांडली, हे मला नेहमीच विचार करायला लावत आले आहे. धम्ममहामात्र, म्हणजे धम्माचे काम पाहणारे अधिकारी, नेमले गेले तेही राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर, म्हणजे कलिंगानंतर पाच वर्षांनी. पश्चात्तापाला पद, पगार आणि फिरती मिळायला एका सम्राटालाही पाच वर्षे लागली.

त्यामुळे आईजवळ बोलावे या बाईंच्या सूचनेबाबत मी थोडा साशंक आहे. पंधरा वर्षांनी म्हाताऱ्या आईपुढे रडून आपले मन हलके होईल, पण तिचे जड होईल. तिच्यासाठी काही करावे; सांगावेच असे नाही.

वर्गातली बाई (धरमपेठ)

सरांचा मुद्दा मोलाचा आहे, पण एक फरक आहे. कलिंगच्या लोकांना काय घडले ते ठाऊक होते. या घरात तिघांना ठाऊक होते आणि तिघेही गप्प होते. आईंचे मन हलके आहे हे आपण कशावरून धरून चाललो आहोत?

काउंटरमागचा

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सर्वांची उत्तरे मी छापून घेतली आणि दुकानात दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसते तेव्हा, पुन्हा पुन्हा वाचली.

पदवीधर ताईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला आठ दिवस लागले. प्रामाणिकपणे सांगायचे तर इतकी वर्षे मला ती चौकट हवी होती. पण लिहिता लिहिता लक्षात आले की म्हातारी माणसे एकाच गोळीची दोन कंपन्यांची पाकिटे घेऊन येतात आणि दोन्ही खात असतात, तेव्हा त्यांना समजावून सांगणे हे काम मला मनापासून आवडते, आणि ते मी फार्मसिस्ट मुलीच्या परवानगीने चोरट्यासारखे करतो. ते मला हक्काने करायचे आहे. मालकांशी बोललो. त्यांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही; संध्याकाळी पाच ते अकरा अशी पाळी देता येईल, पगार मात्र निम्मा होईल, असे म्हणाले. बायकोने वहीत हिशेब मांडला आहे. या वर्षी तो जुळत नाही, पुढच्या वर्षी जुळण्यासारखा आहे. तोवर रोज रात्री अर्धा तास, एक प्रकरण, आणि ते त्या मुलीलाच विचारून. तिने अट घातली आहे की अभ्यास सुरू आहे तोवर ती मला काका म्हणणार नाही, कारण विद्यार्थ्याला काका म्हणून रागावता येत नाही. पहिल्याच आठवड्यात दोनदा रागावून झाली.

आईचे सांगायला हवे. सरांचा इशारा लक्षात ठेवूनच बोललो आणि रडलो नाही. रविवारी ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती, तिच्यासमोर बसलो आणि त्या वर्षी मी काय केले, फीचे काय झाले, सगळे पहिल्यापासून सांगितले. ती मधे एक शब्द बोलली नाही, शेंगा मोडत राहिली. मला वाटले, आता बाबांचा विषय काढेल. सगळे संपल्यावर तिने विचारले, ‘मग तो डबा कुठं बसून खायचास?’

मी म्हटले, तलावाकाठी, बंधाऱ्याजवळच्या झाडाखाली. उन्हाळ्यात वाचनालयाच्या पायऱ्यांवर.

‘भाजी थंड झाली असेल,’ ती म्हणाली आणि शेंगांची चाळणी घेऊन आत गेली. सोमवारी सकाळी मी दुकानाला निघालो तेव्हा सायकलच्या हँडलला डबा अडकवलेला होता. दुकान घरापासून दहा मिनिटांवर आहे, मी रोज दुपारी जेवायला घरीच येतो. तरी नेला.